वजन कमी करण्याची औषधे आणि मनाचे आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड ही नावे आता ठाणे-नवी मुंबईत कोणालाच नवी राहिलेली नाहीत. घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंजेक्शनच्या किमतीची चौकशी होते आणि पाम बीच रोडला सकाळी चालायला येणाऱ्या मंडळींत कोणाचे किती किलो उतरले याची चर्चा असते. माझ्या मानसोपचाराच्या ओपीडीत मात्र हेच प्रश्न दबक्या आवाजात विचारले जातात. ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, ज्यांची मानसिक आजाराची गोळी चालू आहे किंवा ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे, त्यांच्यासाठी मी ही उत्तरे लिहिली आहेत. ती वाचून आपल्या डॉक्टरांशी बोलावे. त्यांच्या सल्ल्याऐवजी ती वापरू नयेत.

सध्या कोणकोणती औषधे वापरली जातात?

सध्या ज्यांची चर्चा आहे ती इंजेक्शने आतड्यातून स्रवणाऱ्या, भूक कमी करणाऱ्या जीएलपी-१ या संप्रेरकासारखे काम करतात. लिराग्लुटाइड रोज घ्यावे लागते, तर सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपॅटाइड आठवड्यातून एकदा. टिर्झेपॅटाइड जीएलपी-१ च्या जोडीने जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. लठ्ठपणा आणि मधुमेहासाठी टिर्झेपॅटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले, लठ्ठपणासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आले, आणि मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत संपल्यावर देशी कंपन्यांना ते बनवण्याची वाट मोकळी झाली. ऑर्लिस्टॅट ही जुनी गोळी आतड्यात काही चरबी शोषली जाऊ देत नाही. ती रक्तात जवळजवळ उतरतच नसल्याने तिच्याबाबत मनाची काळजी फारशी नसते, पण तेलकट शौचाचा त्रास मात्र होतो. परदेशात नाल्ट्रेक्झोन-ब्युप्रोपिऑन आणि फेंटरमिन-टोपिरामेट या जोडगोळ्याही वापरात आहेत.

यांचा फायदा खरोखर किती होतो?

भरपूर होतो, आणि हे आधी मान्य केल्याशिवाय धोक्याविषयी प्रामाणिकपणे बोलता येणार नाही. सेमाग्लुटाइडच्या स्टेप-१ या चाचणीत १,९६१ जणांनी भाग घेतला होता. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी घटले, तर आहार-व्यायामाचा सल्ला मिळूनही फक्त बिनऔषधी इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट दिसली. १७,६०४ हृदयरोग्यांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिलेक्ट या चाचणीत सेमाग्लुटाइडमुळे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले.

औषधाने मन बिघडते ही भीती आली कुठून?

ती निराधार नव्हती. २००६ मध्ये युरोपात वजन कमी करणाऱ्या रिमोनाबँट या गोळीला मंजुरी मिळाली. मेंदूतील ज्या ग्राहींवर (पेशींवरील संदेश पकडणाऱ्या जागांवर) गांजातील द्रव्य काम करते, तेच ग्राही ही गोळी बंद करत असे. गांजा ओढणाऱ्याला भूक लागते, तेव्हा हे ग्राही अडवले तर भूक मरेल असा त्यामागचा तर्क होता आणि तो खराही ठरला. पण हे ग्राही भुकेच्या केंद्रापुरते मर्यादित नसतात. भीती शमवणे, ताणातून सावरणे आणि एखाद्या गोष्टीतून आनंद मिळणे यांतही त्यांचा वाटा असतो. त्यामुळे भुकेसोबत या गोष्टींवरही घाला पडला.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २००७ मध्ये या गोळीच्या विरोधात एकमताने कौल दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने तिची विक्री थांबवण्याची शिफारस केली, कारण गोळी घेणाऱ्यांत मानसिक विकारांचा धोका जवळजवळ दुप्पट दिसत होता. भारतातही ती अनेक नावांनी विकली जात होती आणि २००९ च्या अखेरीस तिच्यावर बंदी आली. आधीच्या चाचण्यांत नैराश्याचे रुग्ण बहुतांशी वगळलेले होते. प्रत्यक्षात ज्या लोकांना गोळी लिहून दिली गेली, त्यांच्यात मात्र असे रुग्ण पुष्कळ होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढच्या उत्तरांत तो पुन्हा लागणार आहे.

मग आजच्या इंजेक्शनांनी नैराश्य येते का? आत्महत्येचे विचार येतात का?

जुलै २०२३ मध्ये आइसलँडहून आलेल्या काही नोंदींवरून युरोपीय औषध संस्थेने याची चौकशी सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये तिने निष्कर्ष दिला की उपलब्ध पुराव्यांवरून ही औषधे आणि आत्महत्येचे विचार यांत कार्यकारणसंबंध दिसत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२४ मध्ये, संबंध आढळला नसला तरी एखादा लहानसा धोका पूर्णपणे नाकारता येत नाही, अशी सावध भूमिका घेतली होती. पुढे चाचण्यांची माहिती एकत्र तपासून जानेवारी २०२६ मध्ये त्याच प्रशासनाने वजनासाठीच्या या औषधांच्या माहितीपत्रकातून आत्महत्येविषयीची सूचना काढण्यास कंपन्यांना सांगितले. वैद्यकीय नोंदींवर आधारलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत: काहींत या औषधांवरील लोकांत असे विचार कमी दिसले, तर एखाद्यात नैराश्याच्या नोंदी जास्त दिसल्या. अशा अभ्यासांत औषध कोणाला दिले गेले आणि कोणाला नाही यातच मुळात फरक असतो, म्हणून मी चाचण्यांना अधिक वजन देते.

माझे मत असे आहे की रिमोनाबँटसारखा प्रकार इथे घडत असता तर लाखो लोकांच्या वापरानंतर तो एव्हाना स्पष्ट दिसला असता. सर्वसाधारण, मानसिक आजाराची पार्श्वभूमी नसलेल्या माणसाने केवळ या भीतीपोटी औषध नाकारावे असे मला वाटत नाही.

"धोका आढळला नाही" असे म्हणतात, त्यांत माझ्यासारखे रुग्ण होते का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. सेमाग्लुटाइडच्या स्टेप चाचण्यांत ज्यांना आधीच्या दोन वर्षांत तीव्र नैराश्य येऊन गेले होते, ज्यांनी आयुष्यात कधीही आत्महत्येचा प्रयत्न केला होता, ज्यांना स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारखा गंभीर आजार होता, त्यांना घेतलेच नव्हते. म्हणजे वरचा दिलासा प्रामुख्याने इतरांसाठी आहे. अलीकडे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर सेमाग्लुटाइडच्या लहान चाचण्या डेन्मार्क आणि ऑस्ट्रेलियात झाल्या. त्यांत वजन उतरले आणि मानसिक आजार बळावल्याचे दिसले नाही, ही आशादायक गोष्ट आहे. तरीही या रुग्णांबाबत लक्ष ठेवूनच पुढे जावे लागते.

मी नैराश्याची गोळी घेते. इंजेक्शन घेऊ शकते का?

बहुतेक वेळा घेऊ शकता, परंतु तीन अटींवर. पहिली, आजार सध्या आटोक्यात असावा. दुःखाच्या ऐन भरात, झोप उडालेली असताना किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असताना नवे औषध सुरू करण्याची घाई नको. आधी मन स्थिर होऊ द्यावे, वजन चार महिने थांबू शकते. दुसरी, सुरुवातीपूर्वी आणि प्रत्येक वेळी मात्रा वाढवताना पीएचक्यू-९ सारखी नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची चाचणी भरून तिचे गुण लिहून ठेवावेत, म्हणजे फरक पडला तर तो आठवणीवर विसंबून सांगावा लागणार नाही. तिसरी, इंजेक्शनमुळे बरे वाटू लागले म्हणून नैराश्याची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आरशात आवडू लागलेले शरीर आणि बरा झालेला आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजनाच्या डॉक्टरांपासून मानसिक आजार लपवणे ही मला रोज दिसणारी गोष्ट आहे. ऐरोलीहून एक आई आपल्या पंचविशीतल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी अडीच महिन्यांपासून इंजेक्शन घेत होती. तिच्या पर्समध्ये दोन फाइली होत्या, एक वाशीच्या डॉक्टरांची आणि एक माझी. वाशीच्या फाइलमध्ये 'पूर्वीचे आजार' या रकान्यात फक्त थायरॉइड लिहिले होते. "डॉक्टर, सांगितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं ना," ती म्हणाली. मी तिच्यासमोरच त्या डॉक्टरांना फोन लावला. औषध बंद झाले नाही. मात्रा वाढवण्याचा वेग कमी केला, तपासणीची तारीख अलीकडे घेतली, आणि तिच्या दोन्ही फाइलींत आता दोन्हींकडची औषधे लिहिलेली आहेत. बहुतेक डॉक्टर सत्य कळल्यावर असेच वागतात.

मी लिथियम, ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेतो. माझ्यासाठी वेगळे काय?

पुष्कळ काही वेगळे आहे, म्हणून या उत्तराला थोडा वेळ द्यावा.

लिथियम (बायपोलरसारख्या आजारात मन स्थिर ठेवणारे औषध) घेणाऱ्यांनी पाण्याचा विचार करावा. या इंजेक्शनांनी सुरुवातीला मळमळ, उलट्या आणि जुलाब होतात, शिवाय भूक आणि तहान दोन्ही मंदावतात. शरीरातले पाणी आणि मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम कमी बाहेर टाकते आणि रक्तातले त्याचे प्रमाण चढते. मे महिन्यात ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे ते नेरुळ उभ्याने प्रवास करणाऱ्या, दिवसभर दोनच पेले पाणी पिणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे सहज घडू शकते. हात जोरात थरथरणे, बोलणे जड होणे, चालताना तोल जाणे, गुंगी येणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. ती दिसताच लिथियमची पुढची गोळी न घेता थेट रुग्णालयात जावे. मात्रा वाढवण्याआधी आणि वाढवल्यावर लिथियमची रक्तपातळी व क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्यावे.

क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियाचे औषध आतड्याची हालचाल मंद करते आणि ही इंजेक्शनेही तेच करतात. दोन्ही एकत्र आली की बद्धकोष्ठ साधे राहत नाही, आतडे अडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. शौचाला किती दिवसांनी झाले हे विचारायला संकोच वाटत असला तरी घरच्यांनी ते विचारलेच पाहिजे.

ओलान्झापिन आणि क्वेटियापिन ही मनोविकारांवरची, पण वजन वाढवणारी औषधे आहेत, आणि त्या वजनाला कंटाळून रुग्ण गोळ्या सोडतात व आजार उलटतो. अशा वेळी वजन आवरणारे औषध मिळाल्याने रुग्ण मूळ गोळी नियमित घेऊ लागला तर तो मानसिक आरोग्याचाच फायदा आहे. गंभीर मानसिक आजाराचे रुग्ण इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात आणि त्यामागे हृदयरोगाचा मोठा हात असतो. या माणसांना "तुम्हाला मानसिक आजार आहे, तुम्ही हे घेऊ नका" असे एका वाक्यात सांगून परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते. मात्र आधी मूळ औषध बदलता येते का, मात्रा कमी करता येते का आणि मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या स्वस्त गोळीने भागते का, हे पाहावे.

इंजेक्शन सुरू झाल्यापासून खाण्यातली गोडीच गेली आहे. हे नैराश्य आहे का?

असेलच असे नाही. डोक्यात सतत चालणारा खाण्याचा विचार थांबला, हे अनेकांना मोठ्या सुटकेसारखे वाटते. काहींना मात्र त्याची पोकळी जाणवते, कारण आपल्याकडे माणसे एकत्र येतात तीच मुळी खाण्याभोवती: चतुर्थीचे मोदक, रविवारची मिसळ, पाहुण्यांना आग्रहाने वाढलेले ताट. ताट परत करताना अपराधी वाटणे किंवा मित्रांसोबत बसणे टाळणे हे सुरुवातीला होऊ शकते. केवळ जेवणातला रस गेला असेल, पण गाणे, नातवंडे, क्रिकेट, नोकरी यांत मन रमत असेल, तर तो बहुधा औषधाचा अपेक्षित परिणाम असतो. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच आनंद वाटेनासा झाला, पहाटे लवकर जाग येऊ लागली, स्वतःविषयी हीन वाटू लागले, तर त्याला नैराश्य मानून तपासणी करावी. उपाशीपणामुळे येणारा थकवा आणि चिडचिड वेगळी ओळखावी. पुरेसे प्रथिन आणि पाणी पोटात गेल्यावर ती बरीच ओसरते.

मला पूर्वी खाऊन उलटी काढण्याची सवय होती. हे सांगायला हवे का?

होय, आणि तेही औषध सुरू होण्यापूर्वी. खाण्याच्या विकारांत या औषधांचा गैरवापर होऊ शकतो: उपाशी राहणे सोपे होते आणि उलट्यांचे खापर औषधावर फोडता येते. ज्यांचे वजन मुळात योग्य आहे पण लग्नाआधी 'अजून पाच किलो' हवे आहेत, त्यांना ही इंजेक्शने देऊ नयेत असे माझे ठाम मत आहे, मग घरचे कितीही आग्रही असोत.

बाकीच्या गोळ्यांचे काय?

परदेशातून आणलेल्या जोडगोळ्यांबाबत अधिक सावध राहावे. ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्याचे औषध असून तरुणांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याविषयीची ठळक सूचना त्यावर असते. फिट येणाऱ्यांनी आणि खाण्याच्या विकाराच्या रुग्णांनी ते घेऊ नये. टोपिरामेटने काहींचे मन उदास होते, शब्द आठवत नाहीत, विचार मंदावतात, आणि गरोदरपणात ते बाळाला घातक ठरू शकते. फेंटरमिन उत्तेजक असल्याने झोप उडते व चिंता वाढते, त्यामुळे बायपोलरच्या रुग्णांनी त्याच्या वाटेला जाऊ नये.

धोका आहेच, तर औषध न घेतलेलेच बरे नाही का?

न घेण्यालाही किंमत असते, ती फक्त हळूहळू चुकवावी लागते. लठ्ठपणा आणि नैराश्य एकमेकांना ओढतात: अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये झालेल्या विश्लेषणात लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी, तर नैराश्य असणाऱ्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता ५८ टक्क्यांनी जास्त आढळली. घोरण्यामुळे तुटणारी झोप, गुडघेदुखीमुळे घरात बसणे आणि लोकांचे टोमणे हे सर्व मनावर साचत जाते.

म्हणून मी रुग्णासोबत कागद घेऊन बसते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, किती (भारतीयांसाठी २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, औषधासाठी मात्र साधारणपणे ३०, किंवा सोबत मधुमेह-रक्तदाब असल्यास २७ ही सीमा असते), कंबर किती, साखर किती, झोप कशी, हे एका बाजूला लिहिते. दुसऱ्या बाजूला शेवटचा नैराश्याचा झटका कधी आला, आत्महत्येचा प्रयत्न झाला होता का, घरात कोण लक्ष ठेवेल आणि दरमहा तपासणीला येणे परवडेल का, हे लिहिते. बीएमआय ३६, मधुमेह, आणि सहा वर्षांपूर्वी येऊन गेलेले सौम्य नैराश्य असेल तर माझा कौल औषधाकडे जातो. बीएमआय २६ आणि गेल्या वर्षी रुग्णालयात दाखल व्हावे लागलेले नैराश्य असेल तर तो स्पष्टपणे थांबण्याकडे जातो. मधल्या लोकांसाठी तयार उत्तर नसते. तिथे दोन भेटी जास्त घ्याव्या लागतात.

मध्येच बंद केले तर?

वजन बहुधा परत येते. स्टेप-१ मधील लोकांनी औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत चढले. "माझ्यातच काही कमी आहे" ही भावना इथे फार खोल बोचते, म्हणून सुरुवातीलाच सांगावे की हा शरीराचा स्वभाव आहे, रुग्णाचा दोष नाही. दुसरी बाब म्हणजे सेमाग्लुटाइडचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायलाच सुमारे आठवडा लागतो. मन बिघडल्यावर इंजेक्शन थांबवले तरी औषध काही आठवडे शरीरात राहते. तेवढा काळ घरच्यांनी सोबत राहावे. गर्भधारणा ठरवायची असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

ब्यूटी पार्लरमध्ये किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळते, घ्यावे का?

घेऊ नये. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळाली पाहिजेत. बनावट सेमाग्लुटाइडविषयी जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये इशारा दिला होता. न वापरलेले पेन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते, आणि दुचाकीच्या डिकीतून आलेल्या पेनचे काय झाले असेल हे कोणी सांगू शकत नाही. लठ्ठपणा बरा करण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या केंद्रीय कायद्यानेच मनाई आहे, हेही लक्षात असावे.

घरच्यांनी कशावर लक्ष ठेवावे आणि गरज पडल्यास कुठे जावे?

बोलणे कमी होणे, आवरासावर करून वस्तू वाटून टाकणे, "माझा कंटाळा आलाय सगळ्यांना" असे वारंवार म्हणणे, अचानक दारू वाढणे, किंवा उलट झोपेशिवायही अतोनात उत्साह येणे, यांपैकी काही दिसले तर पुढचे इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना कळवावे. जिवाचा विचार येतो का, हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत असून मराठीत बोलता येते. ठाण्यात १९०१ पासून असलेले प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तातडीच्या वेळी जवळच्या कोणत्याही रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जावे, आणि पोलिस केसच्या भीतीने उशीर करू नये: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते.

मला मानसिक त्रास झाला तर त्याची नोंद कुठे होते?

भारतात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. औषधाचे नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख, मात्रा केव्हा वाढली, त्रास केव्हा सुरू झाला आणि सोबत कोणती मानसिक आजाराची औषधे चालू होती, एवढे लिहून ठेवावे. त्रास औषधामुळेच झाला अशी खात्री असण्याची गरज नाही. शंका असली तरी कळवता येते. चाचण्यांतून वगळलेल्या आपल्या रुग्णांविषयीची माहिती अशाच नोंदींतून जमा होणार आहे.